दरवाजा उघडणारा पहारेकरी

माझ्या कादंबरीमालेचा सहावा आणि शेवटचा भाग निपाणीच्या छापखान्यात गेला होता, त्याच आठवड्यात मी कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेले. बेळगावच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रोज पहाटे उठून कुठंच नसलेल्या एका राज्याची गोष्ट लिहिली. किल्ले, जादू, भांडणारी राजघराणी आणि सगळ्यांच्या मुळावर उठलेला एक मांत्रिक. वाचक भेटले की दोनच गोष्टी विचारत. धाकटी राजकन्या गादीवर बसणार का, आणि मांत्रिक कसा मरणार.

त्या दिवशी मांडवाबाहेर एका बाईंनी मला गाठलं. पंचेचाळिशीच्या असाव्यात. वडगावात घरीच विणकामाचा माग चालवतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या पिशवीत माझे पाचही भाग होते, कव्हरं घातलेले, कोपरे झिजलेले. सही हवी असेल म्हणून मी पेन काढलं.

"बाई, त्या पहारेकऱ्याचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

कोणता पहारेकरी, हेच मला आठवेना. मग त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या भागात मांत्रिकाच्या माणसांना किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देतो तो. तिसऱ्या भागात राजा त्याला तळघरातल्या कोठडीत टाकतो. त्यानंतर दोन भाग झाले, त्याचं नावसुद्धा निघालं नाही.

मी म्हणाले, सहाव्या भागात कळेल. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैलावला. "मग तसं सांगते भावाला," म्हणाल्या आणि आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

घरी येऊन आधी सहाव्या भागाची प्रुफं काढली. तो कुठंच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या लढाईत मी तो किल्ला जाळला होता. मांत्रिकाच्या मरणाला चाळीस पानं दिली होती, आणि हा माणूस खाली कोठडीत असताना वर आग लावून मी पुढच्या प्रकरणाकडं निघून गेले होते. वर्गात मूल राहिलंय हे न बघता शाळेला कुलूप लावावं, तसं वाटलं. जेवण गेलं नाही.

सकाळी छापखान्यात फोन केला. मालकांनी छपाईच्या प्लेटा शनिवारी काढायच्या ठरवल्या होत्या. थोडी पानं बदलायची आहेत, असं मी सांगितलं. शनिवारी सकाळपर्यंत द्या, नाहीतर आहे तसं छापतो, म्हणाले. हाताशी पाच दिवस होते.

पहिल्या दोन दिवसांत मी त्याला मारलं. आगीतून एका बाळाला बाहेर काढतो आणि स्वतः कोसळतो, असं लिहिलं. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच शंका आली, की हे फार सोपं झालं. मग राजकन्येकडून त्याला माफी देवविली. तेही बरं दिसलं, पण खरं वाटेना. सारखे त्या बाईंचे शब्द आठवत होते. भावाला सांगते, म्हणजे काय? स्वतः का नाही वाचणार तो? बुधवारी चिठ्ठीवरचा नंबर लावला. त्यांनी घरीच बोलावलं.

मी गेले तेव्हा माग बंद करून त्या बाहेर आल्या. आजूबाजूच्या घरांतले माग चालूच होते, त्यामुळं आम्ही जरा मोठ्यानंच बोलत होतो. भावाचं विचारल्यावर मात्र त्या उठल्या, दार लोटून घेतलं आणि हळू बोलू लागल्या.

भाऊ धाकटा. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीवर राखणीला होता. ओळखीच्या दोघांनी गळ घातली म्हणून त्यानं त्यांना आतून दार उघडून दिलं. चोरी करून जातील, एवढंच त्याला वाटलं होतं. आत झोपलेला म्हातारा हमाल जागा झाला आणि त्या दोघांनी त्याला मारलं. तो मेला. भावाला जन्मठेप झाली. घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. ह्या एकट्याच भेटायला जातात आणि पुस्तकं नेतात. ती तपासून आत जातात. तिसरा भाग वाचल्यापासून प्रत्येक भेटीत त्याचा एकच प्रश्न असतो.

मी दोन्ही शेवट त्यांना सांगितले आणि विचारलं, ह्यातला कुठला त्याला बरा वाटेल.

"माफी नको म्हणालाय त्यो," त्या म्हणाल्या. "माफ करणारा मेलाय, म्हणतोय. त्यो पहारेकरी आता कुठं हाय, तेवढं लिवा."

चहा समोर निवत होता. मी लिहिते म्हटलं, पण परत येताना जीव घाबरा झाला होता. आजवर राजे मारले, घराणी बुडवली, कधी दोनदा विचार केला नाही. आता एका शिपाईगड्याची सहा पानं लिहायची, तर प्रत्येक वाक्य कोणावर तरी निकाल दिल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मी त्याला जिवंत ठेवलं. आगीच्या आधीच त्याला नदीपलीकडच्या दुसऱ्या तुरुंगात हलवलं. तिथं तो दोर वळतो. दिवसभर खिडकीतून पाऊस बघतो. त्यानं दरवाजा उघडल्यावर आत जो शिपाई मारला गेला, त्याचं नाव त्याला ठाऊक नसतं. एके दिवशी तो ते विचारून घेतो, आणि तिथं प्रकरण संपतं. शुक्रवारी संध्याकाळी पानं पाठवली.

पुस्तक आलं. पहिली प्रत वडगावला दिली. पुढचे दोन महिने काहीच कळलं नाही. वाचक राजकन्येबद्दल बोलत होते, मी मान हलवत होते. फोन वाजला की वाटायचं, त्या बाईंचा असेल, आणि काय सांगतील कोण जाणे. ते नाव विचारण्याचं लिहून मी त्याची जखम उगाच उकरली का, हे सारखं मनात येई. स्वतः फोन करण्याचं धाडस झालं नाही.

मग एका सकाळी त्या स्वतःच घरी आल्या. भावानं ती सहा पानं तीनदा वाचली होती. बरं की वाईट, ते त्यांनी विचारलं, पण तो बोलला नाही. वखारीतल्या त्या हमालाचं गाव कुठलं, एवढं मात्र त्यानं त्यांच्याकडून विचारून घेतलं.

"आणि एक चूक सांगितलीय," त्या थोड्या संकोचून म्हणाल्या. "खिडकी लई वर असती. तितनं पाऊस दिसत न्हाय, नुसता आयकू येतोय."

मी कपाटातून माझी प्रत आणली आणि त्यांच्यासमोरच ती ओळ पेन्सिलीनं दुरुस्त केली.