दोन्या एर्सिलियाचा बारावा शब्द

मीठ ती कुणाच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, हवं त्याने उचलावं. गादी उसवण्याआधी तिला थोपटायची, गाभण गाईला थोपटतात तशी. माते नावाच्या कडू पानांच्या चहाचा तुंबा भरला की पहिला घोट नळीने स्वतः ओढायची, थुंकायची, मग पाहुण्याला द्यायची. देशाच्या एका अपशकुनी माजी अध्यक्षाचं नाव कुणी काढलं की बाधू नये म्हणून डावा स्तन चाचपायची, समोर पाद्री बसलेला असला तरी. बँकेसमोरून जायची वेळ आली तर रस्ता ओलांडायची आणि पलीकडून बँकेकडे बघायची, ठरलेलं लग्न मोडून पळालेल्या माणसाकडे बघतात तसं. रेडिओ दिवसभर लावलेला, आवाज मात्र बंद. ऐकायचा नाही तर लावता कशाला, असं गास्पारने एकदा विचारलं.

"बंद केला तर पुन्हा लागणार नाही," ती म्हणाली.

गास्पारने साहित्याची पदवी घेतली होती आणि तो राजधानीजवळच्या लानूसमध्ये मोबाइल दुरुस्त करत होता. यात त्याला विसंगती वाटत असे, बाकी कुणाला वाटत नसे. त्याच्या टपरीला लागूनच दोन्या एर्सिलियाचा, म्हणजे एर्सिलियाबाईंचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक शिवणाचं टेबल आणि लोकर पिंजायचं एक खाष्ट यंत्र. लोक जुन्या लोकरीच्या गाद्या आणत. ती उसवायची, लोकर पिंजायची, पुन्हा भरून टाके घालायची. गिऱ्हाईक नसलं की गास्पार तिथल्याच एखाद्या गादीवर पुस्तक घेऊन लोळायचा.

या देशात गादी ही खरी बँक. पेसो आज एक असतो, उद्या अर्धा. म्हणून ज्याला जमेल तो डॉलर घेतो आणि लोकरीत कोंबतो. तेव्हा अर्ध्या लानूसची पुंजी दोन्या एर्सिलियाच्या हाताखालून गेली होती. तिला डॉलर सापडले होते, सोन्याचा दात सापडला होता, एका पाद्रीबुवांच्या गादीत बायकांचा एक पायमोजा सापडला होता. सगळं ती होतं तिथे ठेवून शिवून टाकायची. "मी लोकर बघते," एवढंच म्हणायची.

पण त्यामुळे झालं असं, की गादीवरचा तिचा विश्वास उडाला. ज्याच्या हातात सुई, त्याला गादी उघडी. बँकेवरचा विश्वास दोन हजार एक सालीच उडाला होता. तेव्हा बँकांनी लोकांच्या ठेवी आतच अडकवून ठेवल्या आणि ती बंद दारासमोर इतर हजारो लोकांबरोबर निषेध म्हणून पातेलं बडवत उभी राहिली होती. पातेल्याचा तळ गेला, ठेवही गेली. नवऱ्याने हाय खाल्ली आणि तोही गेला. तिने पातेल्याला कल्हईवाल्याकडून नवा तळ लावून घेतला.

तिला कारखान्याची जागा विकत घ्यायची होती. जागा बेर्तोलोत्तीची. आई आहे तोवर विकायची नाही, असं त्याने आईला वचन दिलं होतं. आई नव्वदी ओलांडूनही मरायचं नाव घेत नव्हती. दोन्या एर्सिलिया थांबली होती, आणि साठवत होती.

मार्चमध्ये एका सकाळी ती टपरीवर आली.

"चे, ऐक ना पोरा. ते फोनमधलं पाकीट असतं ना, कुणाच्या बापाचं नसतं ते. ते मला घालून दे."

गास्पारने घालून दिलं. कारखान्यात, शिवणाच्या टेबलावर. त्याने नीट समजावलं: यात बँक नाही, साहेब नाही, तक्रार करायला खिडकी नाही. अॅपच्या ठरावीक यादीतले बारा शब्द येतील. ते शब्द म्हणजे किल्ली. फोन हरवला, फुटला, तरी नव्या फोनमध्ये तेच बारा शब्द त्याच क्रमाने टाकले की पाकीट परत. शब्द हरवले तर पैसे कायमचे गेले. शब्द दुसऱ्याने पाहिले तर पैसे त्याचे.

"फोटो काढायचा नाही," तो म्हणाला. "आणि मलासुद्धा दाखवायचे नाहीत."

"तुझ्यावर भरवसा ठेवू नको म्हणतोस?"

"नकाच ठेवू."

"बँकेतला साहेब असं कधी म्हणाला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

गास्पार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर लानूसच्या फुटबॉल संघाचा जुना फोटो होता. मागे ती एकेक शब्द पुटपुटत कागदावर उतरवत होती.

"ही किल्ली आहे की मंडईची यादी?"

"मोठ्याने वाचू नका, दोन्या."

मग पुटपुट थांबली. नंतर ती म्हणाली, "हा नाही."

"काय?"

"तुझ्याशी नाही बोलत."

अॅपने परीक्षा म्हणून त्यातले तीन शब्द विचारले. तिने बरोबर टाकले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दलालाला नोटा दिल्या, त्याने तेवढे डिजिटल डॉलर पाकिटात पाठवले, आणि फोनवर आकडा आला. तिने फोन नाकाशी नेला.

"वास नाही याला," ती म्हणाली.

कागदाला कसर लागते, म्हणून तिने ते बारा शब्द गादीच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर लाल दोऱ्याने भरले. लाल दोरा असला की नजर लागत नाही. कागद चुलीत जाळला. गास्पारला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. त्याच्या ओळखीतल्या इंजिनिअरनेही इतकी काळजी घेतली नव्हती.

ऑगस्टमध्ये, ऐन थंडीत, एका आठवड्यात तीन गोष्टी झाल्या.

तिच्या धाकट्या बहिणीच्या, इर्माच्या मानेतून गाठ काढली. दोघी एकाच घरात राहायच्या आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडायच्या. गाठ कसली, ते सांगणारा कागद सोमवारी येणार होता.

बेर्तोलोत्तीची आई अखेर वारली. व्यायामशाळावाला एकजण रोख घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. पण पहिला हक्क जुन्या भाडेकरूचा म्हणून बेर्तोलोत्तीने दोन्या एर्सिलियाला शुक्रवार दुपारपर्यंत मुदत दिली: विसार आण, जागा तुझी.

आणि गुरुवारी संध्याकाळी यंत्रात लोकर घालायला वाकली असताना तिच्या एप्रनच्या खिशातून फोन सटकला. यंत्राने तो पिंजून दिला.

शुक्रवारी सकाळी गास्पारने टपरीतला एक वापरलेला फोन आणला. त्यात तुकड्यांतून शाबूत निघालेलं तिचं सिमकार्ड घातलं, अॅप चढवलं. बारा रिकाम्या चौकटी आल्या. तो भिंतीकडे वळला. त्याला अजिबात धास्ती नव्हती. याच दिवसासाठी तर बारा शब्द असतात.

ती कापड मांडीवर घेऊन एका बोटाने टाइप करत होती. टाइप करायला तिला वेळ लागायचा.

"पोरा, हे घेत नाही."

"कितवा?"

"बारावा. शेवटचा."

"एखादं अक्षर चुकलं असेल. काय शब्द आहे? सांगा आता, एकाने काही बिघडत नाही."

"सान कायेतानो."

गास्पार वळला. भाकरी आणि रोजगार देणारा तो संत. त्याची तसबीर लानूसमध्ये घरटी एक असते. शब्दांच्या यादीत मात्र तो नव्हता, असणार नव्हता.

"दोन्या, यादीत संत नसतात."

"मला ठाऊक आहे. मी घातला."

"म्हणजे?"

"तिथे एक वाईट शब्द आला होता. लाल दोऱ्याने तो घरात कसा भरायचा? काढला आणि त्याच्या जागी चांगला टाकला. गादीत सडकी लोकर निघाली तर मी काय करते? तशीच भरते?"

गास्पार खाली बसला. त्याने तिला फोटोबद्दल सांगितलं होतं, चोरांबद्दल सांगितलं होतं. आलेला शब्द आवडला नाही तर बदलता येत नाही, हे सांगावं लागेल असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जुना शब्द आठवतो का?"

"आठवायला काय झालं. आईला ज्याने नेलं तो."

त्याला कळलं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसला. "एवढंच ना? ट्यूम—"

तिने पिंजलेल्या लोकरीचा बोळा त्याच्या तोंडात कोंबला.

तो लोकर थुंकेपर्यंत ती शांतपणे बसून होती. मग म्हणाली, "इर्माचा कागद सोमवारी आहे. तोपर्यंत या छपराखाली ते नाव निघणार नाही."

"बोलू नका. फक्त टाइप करा."

"ते वेगळं आहे का?"

"मी टाइप करतो. तुम्ही तोंड फिरवा."

"पाकीट कुणाचं?"

"तुमचं."

"मग शब्द कुणाला लागेल?"

"दोन्या, शब्द म्हणजे वस्तू नव्हे. शब्दाने कुणाला काही होत नाही. युनिव्हर्सिटीत मी सहा वर्षं हेच शिकलो."

"फी किती घेतली?"

"आपल्याकडे फी नसते."

"तरीच."

तिने फोन उचलला आणि बेर्तोलोत्तीला लावला. आवाज मोठा होता, गास्पारला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"सोमवारी आणते विसार."

"एर्सिलिया, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. व्यायामशाळावाला माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. माझी कॉफी पितोय."

"तुझ्या आईची गादी मी तीनदा भरली, बेर्तोलोत्ती. आत काय होतं ते तुला कधी सांगितलं का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दोनपर्यंत थांबतो," बेर्तोलोत्ती म्हणाला. "त्यापुढे देवसुद्धा नाही."

फोन ठेवल्यावर गास्पारने पुन्हा प्रयत्न केला. जागा गेली तर यंत्र कुठे ठेवणार? या वयात दुसरी जागा कोण देणार? सोमवारी कागद चांगलाच येईल, आणि तो या शब्दामुळे येणार नाही की जाणार नाही. सगळे मुद्दे बिनतोड होते. ती मान हलवत होती. तिला पटत होतं, हे त्याला दिसत होतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "माझाही यावर तसा विश्वास नाही."

"मग?"

"मग काय. इर्मा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला अंघोळ मी घालायचे. सोमवारी वाईट आलं, आणि मी जागेसाठी आज ते नाव माझ्या हाताने लिहिलेलं असलं, तर व्यायामशाळा परवडली."

गास्पारला सहा वर्षांत यावर कुणी व्याख्यान दिलं नव्हतं.

ती दीडपर्यंत टेबलाशी बसून राहिली. मध्येच एकदा तिने बोट चौकटीवर नेलं. तिने काचेवरचं लोकरीचं तूस पुसलं आणि हात मागे घेतला. मग उठून कोट चढवला, स्कार्फ बांधला.

"दवाखान्यातलं सूप म्हणजे भांडी धुतल्याचं पाणी. इर्माला घरचं नेऊन देते."

"दोन्या, अर्धा तास आहे."

"तू हात लावू नकोस हं," ती म्हणाली आणि गेली. पटकन, मागे न बघता.

दोन वाजता टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर बेर्तोलोत्तीचं नाव आलं, चौकटींच्या वर. गास्पार नुसता बघत राहिला. फोन वाजून वाजून थांबला, नाव गेलं, खालची पाटी पुन्हा दिसू लागली. अकरा चौकटी भरलेल्या होत्या. बाराव्या चौकटीत बारीक रेघ उघडझाप करत होती.