आरशावरची विभूती

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, नळाचं पाणी तेवढं यायचं राहिलं. त्या दुष्काळात आमचे हे काय करून राहिले होते? काच घासून राहिले होते! संगप्पा चष्मेवाले. नाव घेतलं बघा, आता कशाला लाजायचं.

हॅलेचं शेंडेनक्षत्र येणार होतं, शहात्तर वर्षांनी एकदा. साध्या दुर्बिणीत त्याचं डोकंच मावतं, ह्यांना शेपटासकट एका फोटोत पाहिजे होतं. म्हणून हा कॅमेरा घरीच बनवायला घेतला. बारा चंद्र शेजारी शेजारी बसतील एवढं आभाळ एकदम घेणारा. मागं खोलगट आरसा, तोंडाला पातळ काच, मधे फुगीर बशीवर ताणलेली फिल्म. आरशातलं चित्र वाकडं पडतं म्हणून फिल्मबी वाकवायची, म्हणायचे. दोन वर्षं आरसा हातानं घासला. चांदी चढवायला शुद्ध पाणी लागतं, तर टँकरचं पाणी उकळून वाफेचे थेंब जमवले. लेकरं तहानलेली, मी लई भांडले.

चांदी चढली त्या सकाळी ते फिल्म आणायला गेले. आमच्यात नवी वस्तू विभूतीशिवाय वापरीत न्हाईत, तराजू असो की शिलाई मशीन. एवढी भांडले, निदान पूजा तरी करावी म्हणून मी ओल्या विभूतीची तीन बोटं आरशावर ओढली. चांदी बोटाला आली!

आल्यावर त्यांचं तोंडच उतरलं. पण म्हणाले, "ऱ्हाऊ दे रुद्राणी, चालतंय. उजेड थोडा कमी पडंल, फोटो येतोय."

मला खरं वाटंना. हा माणूस खारट आमटीलाबी चालतंय म्हणणारा! माझं मन राखून राहिलेत, असंच धरलं मी. ते दुकानात गेले अन् मी मेली आरसा धुवायला बसले. विभूती काढायला गेले अन् सगळी चांदी पापुद्र्यावाणी सुटून आली.

चांदीचं औषध हैदराबादहून यायला दोन महिने. तोवर शेंडेनक्षत्र थांबतंय होय? हे न्हाणीत तोंड दाबून रडले, ते मी ऐकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग रोज पहाटे गच्चीवर जाऊन नुसत्या डोळ्यांनी बघायचे. एकदा खाली येऊन माझ्या उशाशी बसले. "ये की, लई बेस दिसून राहिलंय." मी झोपेचं सोंग घेतलं. कोणत्या तोंडानं जाऊ? ते जरा वेळ बसले, मग एकटेच जिना चढले.

हे वारून बारा वर्षं झाली. शेंडेनक्षत्र कसं असतं, मी अजून पाहिलेलं न्हाई.