अंगणातून गेलेली हाक

बी.एस्सी. होऊन मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बदलापूर गावात आमच्या घरी, मी नेमकं काय काम करते हे कुणाला धड सांगता यायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, जहाजाचं सामान बनवते. तसं ते अर्धंच खरं. गोदीत येणाऱ्या जहाजांवरचे नारिंगी डबे आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. जहाज बुडालं की असा डबा आपोआप सुटतो, पाण्यावर तरंगतो आणि आकाशातल्या उपग्रहाला इशारा देत राहतो. कुठल्या जहाजाचा डबा, साधारण कुठे आहे, हे मग जमिनीवरच्या केंद्राला कळतं आणि शोध सुरू होतो. आम्ही त्याची बॅटरी बदलायचो, रबरी रिंग बदलायचो, आत पाणी शिरत नाही ना ते बघायचो. चाचणी मात्र पत्र्याने मढवलेल्या कपाटातच घ्यायची. इशारा चुकून बाहेर गेला तर कुठेतरी विमान उडेल, अशी तंबी साहेबांनी पहिल्याच दिवशी दिली होती.

साहेब म्हणजे वर्कशॉपचे मालक. अर्धं आयुष्य जहाजांवर रेडिओ सांभाळण्यात गेलेला, कमी बोलणारा माणूस.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची तिला मी ताई म्हणायचे. माहेर कोकणातल्या कोळीवाड्यात, सासर उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका चाळीत. तिचे दोघे भाऊ मासेमारीच्या बोटींवर जायचे. जेवणाच्या सुट्टीत माहेरची सुकट माझ्या डब्यात वाढताना ती धाकट्याबद्दलच जास्त बोलायची. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

दसऱ्यानंतर समुद्रात वादळ उठलं आणि धाकट्याची बोट परत आली नाही. चाळीखालच्या सिंधी दुकानदाराकडे गावाहून फोन आला. त्याने ताईला हाक मारून खाली बोलावलं आणि ती बोलत असताना गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या शेअर रिक्षाने कामावर आली. घरी बसवत नाही म्हणाली.

साहेबांनी ओळखीच्यांना फोन केले. शोध चालू होता, पण बोट शेवटची कुठे दिसली याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगत होता. ताई त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"त्यांच्या बोटीवर आपला डबा असता तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "तर कुठे शोधायचं ते कळलं असतं."

त्या काळी मासेमारीच्या बोटीवर असलं यंत्र कोण लावणार? आमच्या टेबलांवर मात्र त्या दिवशीही चार-पाच डबे उघडे पडले होते. ताईने त्यातलाच एक पुढे ओढला आणि त्याची रिंग बसवायला घेतली.

पुढे दुसऱ्या एका बोटीला फळ्या आणि जाळ्याचे तरंगते गोळे सापडले. माणूस एकही नाही. ताई गावाला जाऊन आली. भावजय मंगळसूत्र काढायला तयार नव्हती, आणि काढ म्हणायचं धाडस घरात कुणाला होत नव्हतं.

थोरल्या भावासाठी एक डबा द्या, असं ताईने साहेबांकडे मागितलं. भंगारात निघालेल्या जहाजावरचा एक जुना डबा आमच्याकडे होता. साहेबांनी तो स्वतः उघडून नीट केला, थोरल्याच्या बोटीच्या नावाने त्याची नोंद केली, संपर्काला वर्कशॉपचा फोन दिला. ताईने तो साडीत गुंडाळून गावी नेला आणि घरातल्या सगळ्यांना समजावला. खटका कसा सरकवायचा, इशारा वर कसा जातो, विमान कसं येतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुपारी केंद्रातून फोन आला. त्या डब्याचा इशारा मिळत होता. साहेबांनी बोटीचं नाव परत विचारलं, आणि ते ऐकूनच ताई जमिनीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. ती रडत नव्हती, पदराचा काठ बोटांना गुंडाळत होती, सोडत होती. जागा किनाऱ्यालगत दिसत होती, पाण्यात की जमिनीवर ते सांगता येत नव्हतं. विमान निघालं होतं. साहेब फोनजवळून हलले नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा फोन आला. थोरल्याची बोट मासळी घेऊन धक्क्याला लागली होती. डबा बोटीवर नव्हताच. बुडायचं सामान बोटीवर नको, म्हणून तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, तो घरी परत पाठवला होता. पोलीस शोधत घरी गेले तर धाकटी भावजय अंगणात डबा मांडीवर घेऊन बसलेली. सील तोडून तिने खटका सरकवला होता. पोलिसांना तिने सांगितलं, "तो तिकडं हाय. कुनी नीट बघितलाच नाय. आता वरून बघतील."

डबा बंद करून पोलीस घेऊन गेले. साहेबांना मुंबईला जाऊन खुलासा द्यावा लागला. तिथे त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. ताईलाही ते काही बोलले नाहीत, पण डबा परत आल्यावर त्याची बॅटरी काढून ठेवली आणि पुन्हा कुठल्याही बोटीला दिला नाही. थोरला पूर्वीसारखाच दर्यावर जात राहिला.

भावजयीला पुढे ताईने आपल्याकडे आणलं. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात तिला धागे कापायचं काम मिळालं. एका रविवारी मी ताईच्या घरी गेले तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. माझ्याहून लहान होती. बोटं निळी झालेली, गळ्यात मंगळसूत्र. ताई चहा टाकायला उठल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"तुमी पन तेच काम करता ना?"

मी हो म्हटलं.

"त्यांनी लवकर बंद केला. थोडा येळ ठेवला असता तर दिसला असता, नाय?"

मी तिच्या निळ्या बोटांकडे बघत राहिले. तेवढ्यात ताई कप घेऊन आली, आणि आम्ही तिघींनी चहा प्यायला.