प्रत्येक पत्र वेगळं

ओग्न्यान त्सांकोव्हला घाई करताना आमच्या कारखान्यात कुणी पाहिलेलं नाही. रुसे गावात डॅन्यूब नदीच्या काठी आमचा पंपांचा कारखाना. संगणकाचं सगळं तो एकटा बघायचा. मी कर्मचारी विभागात, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, ती यादी माझ्या हातात.

ईमेलचा नवा सर्व्हर आला तेव्हा हा गडी महिनाभर माझ्या टेबलाशी कॉफी घेऊन बसायचा आणि डोकं खायचा. जुन्या यंत्रावर एका माणसाची सगळी पत्रं एकाच फाइलीत असायची. ती फाइल बिघडली की मुसळ केरात. म्हणून त्यानं ठरवलं, प्रत्येक पत्र वेगळं ठेवायचं. ओतशाळेत वितळलेलं लोखंड साच्यात ओतणाऱ्यांना ना टेबल ना संगणक, तर त्यांना कँटीनमधल्या संगणकावर, ब्राउझर उघडून पत्रं वाचता यावीत अशी सोय केली. एवढा विचार कोण करतं हो मजुरांचा?

राहिली खाती. आदल्या वर्षी कामावरून काढलेला एक विक्रीवाला तीन महिने कारखान्याच्या नावानं पत्रं पाठवत राहिला होता, आणि साहेबांनी ओग्न्यानची चारचौघांत हजेरी घेतली होती. दुधानं तोंड पोळलेलं, आता तो ताकही फुंकून पीत होता.

"रुम्याना, खाती तुझ्या यादीला जोडतो," तो म्हणाला. "तू नाव खोडलंस की खातं, पत्रं, सगळं आपोआप साफ. मला विचारूही नकोस."

"म्हणजे तुझं लोढणं माझ्या गळ्यात," मी म्हटलं. तो हसला.

जादा प्रत ठेवायला साहेबांनी एकच लहानशी डिस्क दिली. तिच्यात कचेरीची पत्रं मावली. ओतशाळेची मावली नाहीत.

कँटीनमधल्या त्या संगणकावर सगळ्यात जास्त बसायचे ते ओतशाळेतले स्तामेनकाका. त्यांची एकुलती एक योआना स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेली होती. घरी संगणक नाही, आणि बायकोला, त्स्वेतानाकाकूंना, डोळ्यांनी दिसत नाही. काका जेवणाच्या सुट्टीत पत्र वाचायचे आणि संध्याकाळी तोंडपाठ घरी सांगायचे. मग एका पहाटे मजुरांची गाडी उलटली आणि योआना गेली. तरी काका रोज दुपारी येऊन बसायचेच.

"बाळा, तिचं वर्ष भरायच्या आत ही पत्रं कागदावर काढून देशील?" त्यांनी ओग्न्यानला विचारलं. "आणि तिची आई म्हणते, माझ्या उशाशी असू देत."

"देतो की, काका. घाई काय? कागद भिजतो, जळतो. इथे प्रत्येक पत्र वेगळं आहे. एक गेलं तरी बाकीची शाबूत."

मार्चमध्ये ओतशाळा बंद झाली. चाळीस नावं खोडायचा हुकूम आला. ओग्न्यान दाढ उपटून घ्यायला दंतवैद्याकडे गेला होता. खोटं कशाला बोलू, मला पत्रांची आठवणसुद्धा झाली नाही. त्या चाळीस जणांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती, आणि कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं. दहा मिनिटांत संपलं.

दुपारी काका माझ्या दारात उभे. "पोरी, ते यंत्र माझं नावच घेत नाही गं."

ओग्न्यान सुजलेला गाल घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत शोधत बसला. काही सापडलं नाही. मी रडायला लागले तर म्हणाला, "तू खोडलंस, पण खोडायला मीच शिकवलं होतं." स्वतःवर मला इतका संताप कधी आला नव्हता.

रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. दारावर आमच्या रीतीप्रमाणे लावलेली, योआनाचा फोटो असलेली मृत्यूची सूचना उन्हानं फिकी पडली होती. काकूंनी चेरीचा मुरंबा पुढे केला.

"एवढं तोंड पाडून काय बसलात?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांगून सांगून मला एकूणएक पाठ झालीत. घे लिहून."

त्या सांगत गेल्या. घरमालकीण आईसारखी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. खाऊन खाऊन अंगानं भरलेय, आई, जुने कपडे होत नाहीत. ओग्न्यान लिहीत होता. काका जमिनीकडे बघत होते.

निघालो तेव्हा काका जिन्यापर्यंत आले, दार ओढून घेतलं.

"तसलं काही नव्हतं," ते म्हणाले. "एका खोलीत सहा जणी. वाकून वाकून पाठ धरली होती तिची. बाबा, परत येऊ का, असं चार पत्रांत विचारलं पोरीनं. मी कळवलं, एवढा हंगाम काढ." दाराकडे बोट करून म्हणाले, "हिला काय सांगणार? रोज घरी येताना रस्त्यात नवं रचायचो."

ओग्न्याननं वही पुन्हा उघडली. मग म्हणाला, "काका, मग खरी सांगा. तीही लिहून घेतो."

"नको. हिचीच छाप. माझं उत्तर त्यातच होतं, ते वाचायला मी रोज जायचो. आता तेही नाही."

ओग्न्याननं काकूंची एकोणीस पत्रं छापली, प्रत्येक वेगळ्या कागदावर. सर्व्हरवरून आता कुणाचंच नाव खोडलं जात नाही. मेलेले, काढलेले, सगळे यादीत आहेत. स्तामेनकाकांचंही खातं पुन्हा घातलंय, रिकामं.

योआना गेली त्या दिवशी दरवर्षी काकू उशाखालून ती पत्रं काढतात आणि ओग्न्यानच्या हातात देतात. ज्यानं लिहून घेतली त्यानंच वाचावीत, असा त्यांचा हट्ट. तो एकोणीसच्या एकोणीस सावकाश वाचतो, आणि समोर स्तामेनकाका ऐकत बसतात.