पंधराचा डबा

"उलटा कर," ती म्हणायची. पुडा कोणताही असो, पुढच्या बाजूचं चित्र तिला नको असे. मागची बारीक अक्षरं चष्म्याशी धरून ती वजन वाचायची, मग शेजारचा दुसरा पुडा मागायची आणि विचारायची, "किलोले काय पडते?"

इचोड्याला हायवेवर माझं किराणा दुकान आहे. ती बसस्टँडमागे खानावळ चालवायची. ट्रक ड्रायव्हर, मास्तर, बँकेतले लोक तिच्याकडे जेवायचे. महिन्याचं सामान ऑटो भरून न्यायची. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. लांबून दिसली की बरं वाटतं आणि जवळ आली की घाम फुटतो.

एकदा चहापत्तीचा किलोचा पुडा मी मोठ्या कौतुकाने पुढे केला. मोठं घेतलं की स्वस्त, हे माझं ठरलेलं वाक्य. तिने पावकिलोचे चार पुडे शेजारी मांडले आणि बोटांवर हिशेब केला.

"चार लहानेच स्वस्त पडून राह्यले, भाऊ."

मी कॅल्क्युलेटर काढला. दोनदा गणित केलं, दोन्हीदा तिचंच खरं निघालं. दुकानातल्या सगळ्यांनी त्या दिवशी पावकिलोचे पुडे नेले. मला तिचा रागच आला होता.

आता तेलाचं सांगतो. खोटं कशाला बोलू? तेलाचे डबे दोन प्रकारचे येतात, पंधरा किलोचे आणि पंधरा लिटरचे. पंधरा लिटर तेल पंधरा किलो भरत नाही, सव्वा किलोच्या वर कमी भरतं. पण बोलताना सगळे 'पंधराचा डबा' म्हणतात. पंधरा काय, हे कोणी विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. मीही किलोच्या डब्याच्या भावात लिटरचा डबा द्यायचो. डब्यावर छापलेलं असतं की, अशी मनाची समजूत काढायचो. तिलाही तसे दोन-तीन दिले. तिच्या ध्यानात आलं नाही, कारण भरलेला तेलाचा डबा कोणी उलटा करत नाही.

मग एका दुपारी ती रिकामा डबा घेऊन आली. दुकानात गर्दी होती. ती बाकावर गुपचूप बसून राहिली आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर उठली.

"भरलेला डबा काट्यावर ठेव. मंग हा रिकामा ठेव."

ठेवले.

"लिटर का किलो?"

"लिटर, अक्का."

"मंग भाव काऊन किलोचा?"

मी काट्यावरचा डबा खाली उतरवला.

"दहा दिवसाचं तेल नवव्या दिवशी सरून राह्यलं. मले वाटलं, पोरगी सांडून राह्यली. लय बोलली मी तिले. ते बोललेलं आता कसं वापस घेऊ?"

मी फरकाचे पैसे पुढे केले. ते तिने घेतले. म्हणाली, "पाटीवर लिही. किलोचा वेगळा, लिटरचा वेगळा." मी लिहिलं. ती बाजारात एक शब्द बोलली असती तर माझं दुकान बसलं असतं. ती कोणाला बोलली नाही.

पण पुढे दर महिन्याला ती नेमकी गर्दीच्या वेळी यायची आणि आपला प्रत्येक डबा काट्यावर ठेवायला लावायची. चार लोक मान वर करून काटा पाहायचे. मला वाटायचं, या बाईच्या मनातून मी उतरलो तो उतरलोच. वाईट वाटायचं, अगदी आतून वाटायचं. पण तोंड कोणतं घेऊन बोलणार?

यंदा ती गेली. तेरवीच्या सामानासाठी तिची मुलगी आली, ज्या मुलीने माझ्यामुळे बोलणी खाल्ली ती. तेलाचे दोन डबे मागितले. मी न सांगता पहिला डबा काट्यावर ठेवला.

"काऊन मोजून राह्यले, मामा? आई तं म्हणे, त्या दुकानात मोजाची गरज नाही."

"अगं, ती दर महिन्याला मोजून न्यायची."

"ते तुमच्यासाठी. म्हणे, लोकाइनं पाह्यलं पाह्यजे, हा माणूस आता बराबर देते."

मी दुसरा डबाही काट्यावर ठेवला. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो.