वर्षभर फुललेला गुच्छ

रंगांची पेटी परत करायला मी होडीतून खाडी ओलांडून बोरिवलीला गेले, तेव्हा कडेवर तान्हा मुलगा होता आणि मनाशी एकच ठरलं होतं: चित्रकला आता पुरे. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. गोराईत सून होऊन आलेल्या बाईला आधी विहीर, मग फुलांची वाडी, मग चूल. सासूबाई बोरिवलीच्या बाजारात फुलं विकायच्या. मी कागद घेऊन बसले की म्हणायच्या, "काय गो, फुलं विकायची का कागदावर बघत बसायची?"

माझं हसं मीच करून घेतलं होतं म्हणा. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टरनी लग्नात मला ही पेटी आणि एक छापील चित्र दिलं होतं. फार जुन्या काळच्या एका डच बाईने काढलेलं. मागे काळोख, पुढे भरगच्च फुलं, एका पाकळीवर दवाचा थेंब. तसाच गुच्छ आपल्या फुलांचा काढायचा, असं मी मनावर घेतलं. थंडीतली शेवंती तांब्यात ठेवली आणि मोगरा फुलायची वाट बघत बसले! फुलांच्या वाडीत वाढलेली बाई मी. पण चित्रात सगळी फुलं एकदम फुललेली, म्हणजे हॉलंडच्या थंडीत ती टिकत असतील, आपलंच काहीतरी चुकत असेल, असं मला वाटलं. परदेशातल्या चित्रापुढे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. शेवंती कुजली, घरभर वास सुटला आणि सासूबाईंनी तांब्या उकिरड्यावर उपडा केला.

पेटी परत देताना बोरिवलीला सिस्टरना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत.

"अगं, त्या डच बाईकडे तरी कुठे एकदम फुलायची? ज्या ऋतूत जे फूल येईल ते काढून ठेवायची, मग सगळी एका चित्रात आणायची," त्या म्हणाल्या. "दहा मुलं झाली तिला. ऐंशी उलटली तरी हातातला कुंचला सुटला नव्हता. म्हातारपणी तर चित्राखाली नावाशेजारी आपलं वयही लिहायची."

दहा! मी कडेवरच्या एकुलत्या एकाकडे पाहिलं. भूक लागली की हा घर डोक्यावर घ्यायचा. आणि त्या माउलीने दहा जणांच्या रडारडीत दवाचा थेंब रंगवला होता. चित्र तेच, पण आता त्यात मला तिची सवड दिसायला लागली. हे फूल एखादं मूल झोपलं तेव्हाचं असेल, ते कुणाचा ताप उतरल्यावरचं. अख्खा गुच्छ एका बैठकीत काढणं कुठल्या आईला जमणार? एक फूल मात्र जमतं. पेटी घेऊन मी आल्या पावली परतले.

पावसाळ्यात सोनटक्का काढला. थंडीत शेवंती, मग झेंडू. मोगऱ्याशी मात्र अडले. आमच्या घरची रीत अशी, की झाडाचं पहिलं फूल गावच्या क्रुसाला वाहायचं आणि बाकी सगळं बाजाराला न्यायचं. घरात एक कळी राहायची नाही, आणि सासूबाईंकडे मागायची माझी छाती नव्हती. कागदाच्या मधोमध मी जागा रिकामी ठेवली होती.

एका संध्याकाळी सासूबाई वाडीतून आल्या. ओंजळीत त्या वर्षीचा पहिला मोगरा होता. क्रुसाकडे निघालेल्या त्या माझ्याजवळ थांबल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या.

"इथं मधी काय येनार?"

"मोगरा," मी खाली बघत म्हटलं.

मग त्यांनी ते फूल माझ्यासमोरच्या वाटीत ठेवलं आणि माझ्या मांडीवरचं लेकरू उचलून घेतलं.

"क्रुसाला उद्याचा चालंल. तू काढ, नायतर कोमेजंल."

डोळे पुसत मी ते फूल काढलं. मग चित्राखाली नाव लिहिलं आणि शेजारी वय: तेवीस. ऐंशीला अजून पुष्कळ अवकाश होता.