आईचं 'देव बघेल'

म्हणजे आता मीच वाईट! दोन वर्षं आईला सांगतोय, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे... उत्तर एकच. "देव बघेल रे, तू तिकडे नीट राहा."

मागच्या महिन्यात फोनवर माझं डोकंच फिरलं. "मग राहा भगवान भरोसे!" म्हणालो आणि फोन कापला. आमच्या कन्नौदकडे, मध्य प्रदेशात, भगवान भरोसे म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं... माहीत असून आईला बोललो. वर अठरा दिवस फोन नाही. इथे कोईम्बतूरला या वर्षातली माझी तिसरी नोकरी, टाइम कुठे मिळतो, असं स्वतःलाच सांगत बसलो.

परवा तिचाच फोन. "उजवा डोळा झाला रे! कॅलेंडरची तारीख दिसतेय."

एकटी गेली होती देवासला, फ्री कॅम्पमध्ये. आधी कन्नौदलाच शुगर तपासून घेतली, रिपोर्ट पिशवीत. पाटी दिसत नाही, म्हणून स्टँडवर येईल त्या बसला विचारलं, "भिया, देवास जाएगी क्या?"

तिथे म्हणाले, सोबत कोणीतरी पाहिजे. बाकावर सरदारपूरची एक मावशी, तीपण एकटीच. आईनं जोडी जमवली... आज मी तुमच्याजवळ बसते, उद्या तुम्ही माझ्याजवळ.

मी म्हटलं, "तू तर म्हणायचीस देव बघेल!"

"बघेलच की. पण बस तर मलाच बघावी लागणार ना! देवासच्या टेकरीवरच्या देवीला खालूनच हात जोडले. म्हटलं, मी निघाले, पुढचं तू सांभाळ. सव्वा रुपया ठेवायचाय तिच्यापुढे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तडक निघाला असतास. हीपण नोकरी गेली असती."

तिचा देव बघेल म्हणून मी मोकळा झालो होतो. भगवान भरोसे तिला मीच ठेवलं होतं. देवीचे आणि त्या मावशींचे उपकार कसे फेडू...

फोनवर माफी मागायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितोय. शाळा हिंदीत, तीपण आठवीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

डाव्या डोळ्याच्या वेळी बाकावर मी असेन, सुट्टी आजच मागून ठेवली. तोवर काळा चष्मा, ड्रॉप्स, आणि देवीचा सव्वा रुपया माझ्याकडून... आई, पाठवतोय. तीन हजार एक रुपये, पंचवीस पैसे.